कोपऱ्यातला राखाडी चौकोन

तपासपेटी आली आणि डॉक्टरांची मोठीच पंचाईत झाली.

पेटी तशी गुणाची होती. बोटातला रक्ताचा एक थेंब आणि एक फुंकर, एवढ्यावर ती माणसाच्या अंगातले हजारो रेणू मोजायची आणि माहीत असलेल्या प्रत्येक आजाराशी ताडून बघायची. थोडंफार तर सगळ्यांशीच जुळायचं. साधा खोकल्याचा पेशंट समोर बसला, तरी पेटी सत्तर हजार आजारांपुढे सत्तर हजार आकडे मांडून मोकळी व्हायची. बरं, तिनं स्वतः आजाराचं नाव घ्यायचं नाही असा कायदा होता. आधीच्या पेट्या नाव घ्यायच्या, तेव्हा लोक घाबरून भलत्याच औषधांच्या मागे लागले होते. म्हणून ठरलं, की पेटीनं फक्त दाखवायचं आणि बोट ठेवायचं ते डॉक्टरनं.

आता दाखवायचं कसं, हे ठरवायला पुण्याच्या वर्गीकरण केंद्रानं शलाका बेडगकरला नेमलं होतं. शलाका मूळची मिरजेची, तिशीच्या आतबाहेरची, पडद्यावर माहिती मांडण्यात हुशार आणि त्या हुशारीची स्वतःला पुरेपूर जाणीव असलेली.

आजारांचं वर्गीकरण म्हणजे एक अवाढव्य झाड. खोडाला मोठ्या फांद्या : हृदय, यकृत, मन, चेता म्हणजे मज्जातंतू, चयापचय वगैरे. फांद्यांना डहाळ्या, डहाळ्यांना पानं. प्रत्येक पान एकाच डहाळीवर राहणार, हा नियम. एखादा आजार यकृत बिघडवतो, हात कापवतो आणि डोकंही फिरवतो, तरी त्यानं घर एकाच ठिकाणी करायचं.

केंद्रातल्या डॉ. वसुमती चिटणीस यांना उलगडणारी यादीच हवी होती. चाळीस वर्षं त्यांनी या झाडाची निगा राखलेली. यादीत फांदीवर बोट ठेवलं की तिच्या डहाळ्या खाली सरकून यायच्या, मग पानं. लाखोंना होणाऱ्या पडशाला एक ओळ आणि क्वचित कुणाला होणाऱ्या आजारालाही एकच ओळ.

"न्याय्य आहे गं हे," बाई म्हणायच्या.

"न्याय्य आहे, पण वाचणार कोण?" शलाका म्हणायची. "बाहेर शंभर माणसं बाकावर बसलेली असतात, बाई."

तिनं चक्र करून पाहिलं. आत मोठ्या फांद्या, बाहेरच्या कड्यांत बारीक बारीक पाकळ्या. दिसायला झकास, पण अक्षरं तिरकी व्हायची आणि डॉक्टर मान वाकडी करून दमायचे. शेवटी तिनं चौकोन निवडले. सगळा पडदा म्हणजे एक जमीन. तिचे मोठे तुकडे म्हणजे फांद्या, त्या तुकड्यांत आणखी तुकडे. ज्या आजाराचे पेशंट जास्त, त्याचा तुकडा मोठा. आणि समोरच्या पेशंटशी आजार जितका जुळेल, तितका त्याचा रंग लाल. एका नजरेत मोठं आणि लाल दिसेल त्यावर बोट ठेवायचं. डॉक्टर खूश झाले.

अडचण एकच होती. दुर्मीळ आजारांचे तुकडे इतके बारीक व्हायचे, की त्यांवर बोटच मावायचं नाही. हातमोजा घातलेलं बोट शेजारच्याच चौकोनावर पडायचं. मग शलाकानं नखाचा नियम केला. नखापेक्षा लहान असलेले सगळे तुकडे एकत्र करून खालच्या उजव्या कोपऱ्यात एक राखाडी चौकोन बनवला आणि त्यावर लिहिलं, 'इतर'. सत्तर हजारांपैकी बहुतेक सगळे त्या कोपऱ्यात जाऊन बसले. एखाद्या कारणासाठी तो उघडायचाच झाला तर डॉक्टरनं ते कारण लिहून द्यायचं, म्हणजे उगाच कुणी आत शिरून वेळ घालवणार नाही.

"आणि या 'इतर'चा रंग कसा ठरणार?" चिटणीसबाईंनी विचारलं.

पहिल्यांदा शलाकानं सरळ केलं होतं. आत बसलेल्यांपैकी जो सगळ्यांत लाल, तोच रंग बाहेर. पण हजारो आजार एका खोलीत कोंडले की त्यातला कुणी ना कुणी योगायोगानं लाल होतोच. दर तिसऱ्या-चौथ्या पेशंटला कोपरा पेटायचा आणि उघडून बघितलं तर काही नसायचं. डॉक्टर वैतागले.

तशातच अधिकाऱ्यांपुढे प्रात्यक्षिक करायचा दिवस आला. नमुन्यासाठी कुणी पुढे येईना, म्हणून शलाकानं स्वतःच बोट टोचून घेतलं, फुंकर मारली. पडदा फिकट, निरोगी, छान. आणि कोपऱ्यातला चौकोन लालभडक.

"मॅडम, तुम्ही तर ठणठणीत दिसताय," एक अधिकारी म्हणाले. सगळे हसले.

शलाकाही हसली, कानशिलं तापलेली. तिनं पुन्हा थेंब दिला. पुन्हा लाल. तिसऱ्यांदाही लाल. पेटी हट्टाला पेटल्यासारखी वागत होती आणि तेही नेमकी सगळ्यांसमोर.

"उघडून बघ ना, कोण ओरडतंय ते," चिटणीसबाई हळूच म्हणाल्या. "खोटी आरोळी दर वेळी वेगळ्या घरातनं येते. ही एकाच घरातनं येतेय का, तेवढं तरी बघ."

"बाई, नंतर," शलाका दातांतल्या दातांत म्हणाली. मग अधिकाऱ्यांकडे वळून म्हणाली, "हाच दोष आम्ही काढून टाकतोय."

तिनं तिथल्या तिथे नियम बदलला. सगळ्यांत लाल असेल त्याचा रंग घ्यायचा नाही, आतल्या सगळ्यांची सरासरी घ्यायची. हजारो फिकटांत एक लाल मिसळला की उरतो काय? कोपरा फिक्का, राखाडी, गप्प झाला. अधिकाऱ्यांनी माना डोलावल्या. त्या आठवड्यातच मंजुरी आली. चिटणीसबाई पुढे निवृत्त झाल्या, आणि 'नंतर' राहून गेलं ते राहूनच गेलं.

*

चौकोनांनी कमाल केली, हे खोटं नाही. आरोग्य केंद्रांबाहेरची बाकडी दुपारपर्यंत रिकामी होऊ लागली. मलेरिया, मधुमेह, रक्तदाब झटपट पकडले जायचे. शलाकाचं कौतुक झालं, पगार वाढला, पुण्यात घर झालं.

सगळ्यांत जास्त मिरवलं ते तिच्या धाकट्या बहिणीनं. ऋजू, म्हणजे ऋजुता, मिरजेतच राहिली होती. आई-वडील गेल्यावर शलाकानंच तिला वाढवलं, शिकवायचा प्रयत्न केला आणि शेवटी हात टेकले. पोरीला वाद्यांचं वेड. सतारी बनवणाऱ्या एका कारखान्यात ती जवारीचं काम करायची. सतारीच्या तारा ज्या घोडीवर टेकतात, तिचा माथा कानशीनं केसभर, अर्धा केस असा घासत जायचं, तार छेडायची, ऐकायचं, पुन्हा घासायचं. केसभर जास्त घासलं गेलं तर घोडी वाया. स्वरातला तो झणकार तिथून येतो. पन्नाशीतले कारागीर जे काम बिचकत करायचे, ते ऋजू बावीस-तेविसाव्या वर्षी गुणगुणत करायची.

एका दिवाळीत शलाका मिरजेला गेली, तेव्हा ऋजू काम करत नव्हती. नुसती बसून होती.

"हात नीट चालंना गं ताई," ती म्हणाली. "कानस धरली की थरथरतो. आणि चिडचिड तर इतकी होत्येय, काल मालकांवरच ओरडले. मी! त्यांच्यावर!"

"चल, दाखवून येऊ."

आरोग्य केंद्रातले डॉ. समीर मुजावर तरुण, मन लावून काम करणारे. पेशंटचं नीट ऐकून घ्यायचे. ऋजूनं आत शिरल्या शिरल्या सांगून टाकलं, "डॉक्टर, तुमचा हा पडदा माझ्या ताईनं बनवलाय बरं का!"

"अरे वा! मग आज परीक्षा माझी आहे म्हणायची," डॉक्टर हसले.

थेंब, फुंकर. पडदा उजळला. 'यकृत' जरासं गुलाबी, 'चेता' जरासं गुलाबी. 'मन' हा तुकडा मात्र भला मोठा आणि चांगला तांबूस. त्यात 'ताण आणि चिंता' हा चौकोन तर तळहाताएवढा. दर वर्षी राज्यभरचे डॉक्टर त्यावर बोट ठेवायचे, ते मोजलं जायचं आणि पुढच्या वर्षी तो आणखी मोठा व्हायचा. ज्यांच्यावर कुणी बोट ठेवत नव्हतं, ते चौकोन तसेच आकसत चालले होते.

"एवढ्यात काही मनाला लागलंय का?" डॉक्टरांनी विचारलं.

"हातच चालंना झालाय, मग मनाला लागणारच की," ऋजू म्हणाली. मग तिनं पडद्याकडे बोट केलं. "ताई, त्या कोपऱ्यात काय आहे गं?"

"इतर."

"म्हणजे?"

"म्हणजे काही नाही. बारीकसारीक."

डॉ. मुजावरांनी मोठ्या चौकोनावर बोट ठेवलं. त्यांच्या जागी दुसरं कुणीही असतं, तरी तेच केलं असतं. शलाकाला मनातून बरं वाटलं. ताण आहे, उतरेल. शिवाय पडदा कसा लख्ख चालतो, हे तिनं पहिल्यांदाच प्रत्यक्ष पाहिलं होतं.

*

ताण उतरला नाही. झोपेच्या गोळ्या झाल्या, मन शांत करायच्या झाल्या. ऋजूच्या हातून चहा सांडू लागला. जीभ जड झाली, बोलताना शब्द एकमेकांत अडकायचे. कारखान्याच्या मालकांनी तिला महिनाभर काही न बोलता सांभाळून घेतलं, मग हळूच म्हणाले, "पोरी, थोडं घरी बस. जागा तुझीच हाय." दोन्हीकडच्यांना ठाऊक होतं, की हे कायमचं आहे.

पुन्हा दाखवलं. पुन्हा तोच मोठा चौकोन, आता आणखी तांबूस, कारण आजाराबरोबर खरोखरच मन खचलं होतं.

शलाका दर शनिवारी मिरजेला जाऊ लागली आणि दर शनिवारी दोघींचं वाजू लागलं.

"तू मनावरच घेत नाहीस," शलाका म्हणायची. "सगळं नॉर्मल आहे. मी स्वतः बघितलंय पडद्यावर. उठ, फिरायला जा, हात हलव."

"हलतोयच की गं, थांबंना झालाय," ऋजू म्हणायची आणि स्वतःच्याच विनोदावर हसायची. मग एकदम रडायची.

आई असताना घरात तांब्याच्या हंड्यातलं पाणी प्यायचे. रात्रभर तांब्यात राहिलेलं पाणी प्रकृतीला चांगलं, अशी आईची ठाम समजूत. ती आठवण ठेवून शलाकानं पुण्याहून एक सुरेख तांब्याची कळशी आणली. रोज सकाळी उठल्यावर दोन पेले पोटात गेलेच पाहिजेत, अशी तंबी दिली. ऋजूनं ती निमूटपणे पाळली. ताईचं ऐकायची तिची लहानपणापासूनची सवय होती.

दोन दिवाळ्या गेल्या. ऋजूला धूसर दिसतं म्हणून शेजारणीनं तिला चष्म्याच्या दुकानात नेलं. तिथे पेटी नव्हती आणि पडदाही नव्हता. डोळे तपासणाऱ्या वयस्कर डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी डोळ्यात उजेड टाकला, मग दिवा फिरवून दुसऱ्या बाजूनं पुन्हा टाकला. ऋजूच्या बुबुळाभोवती पिंगट, तपकिरी, जरा सोनेरी असं एक कडं होतं.

"हे किती दिवसांपासून आहे, बाळा?" त्यांनी विचारलं.

जेवणातून शरीरात जे तांबं जातं, त्यातलं जास्तीचं असेल ते यकृत बाहेर टाकतं. काही थोड्या लोकांत जन्मतःच ही सोय बिघडलेली असते. तांबं साचत जातं. आधी यकृतात, मग मेंदूत, मग डोळ्याच्या कडेला. हात कापतात, जीभ अडखळते, स्वभाव बदलतो. वेळेवर कळलं तर साध्या गोळ्यांनी माणूस जन्मभर धडधाकट राहतो. उशीर झाला, तर मेंदूतलं जे गेलं ते बहुतेक गेलंच. वर्गीकरणात या आजाराचं घर ना यकृतात, ना चेतात, ना मनात. ते चयापचयाच्या फांदीवर, एका अगदी टोकाच्या डहाळीवर. अर्थात, कोपऱ्यातल्या राखाडी चौकोनात.

डॉ. मुजावरांनी तपासण्या करून खात्री केली आणि शलाकाला फोन केला. "ताई, मी रोज तो पडदा बघत होतो. तो कोपरा मी एकदाही उघडला नाही." मग म्हणाले, "आणखी एक आहे. हा आजार आई आणि वडील दोघांकडून उतरतो. सख्ख्या भावंडांची तपासणी करावीच लागते. तुमचीसुद्धा."

"मला काहीच होत नाहीये," शलाका म्हणाली.

"तरीही."

तपासणीत निघालं, की तिलाही तोच आजार आहे. मात्र नुसता साठा, नुकसान काहीच नाही. कुणाकुणात तो असा वर्षानुवर्षं दबा धरून बसतो. जस्ताची गोळी रोज वेळेवर घेतली, तर तिला कधीच काही होणार नव्हतं. डॉक्टर म्हणाले, "तुम्ही नशीबवान. बहिणीमुळे वेळेत कळलं."

*

त्या संध्याकाळी केंद्रातली माणसं घरी गेल्यावर शलाका आपल्या टेबलाशी बसून राहिली. नशीबवान हा शब्द तिच्या घशाखाली उतरत नव्हता. तिनं प्रात्यक्षिकाच्या दिवसाचे नमुने उघडले. ते केंद्रात अजून जसेच्या तसे होते. स्वतःचे तीन थेंब. तिनं कोपऱ्यातला चौकोन उघडला, कारणाच्या जागी काहीतरी टाइप केलं आणि आतल्या हजारो आजारांना रंगाच्या क्रमानं लावलं.

पहिल्या थेंबात सगळ्यांत वर, लालभडक, तांब्याच्या साठ्याचा आजार. दुसऱ्यात तोच. तिसऱ्यातही तोच.

खोटी आरोळी दर वेळी वेगळ्या घरातून येते.

पेटी हट्टाला पेटली नव्हती. पेटी खरं सांगत होती, तीनदा सांगत होती, भर सभेत. आणि शलाकानं काय केलं? सगळे हसले म्हणून तिला लाज वाटली, आणि तिनं कोपऱ्याचा रंगच पुसून टाकला. नुसता स्वतःचा नाही, सगळ्या राज्याचा. त्या दिवशी तिनं एकदा बोट ठेवलं असतं तर तिला कळलं असतं, आणि नियमाप्रमाणे दुसऱ्याच आठवड्यात सख्ख्या बहिणीची तपासणी झाली असती. तेव्हा ऋजूचे हात स्थिर होते. तेव्हा ती गुणगुणत कानस चालवत होती.

मग तिनं ऋजूचा पहिला नमुना उघडला, त्या दिवाळीतला. त्यातही तोच लाल, सगळ्यांत वर. बाहेर मात्र फिक्का राखाडी. बारीकसारीक, असं ती तेव्हा म्हणाली होती. तिला तिथेच टेबलावर डोकं टेकून रडू कोसळलं.

तिनं चिटणीसबाईंना फोन लावला आणि सगळं सांगितलं.

"मी पण गप्प बसले गं," बाई म्हणाल्या. "मी उठून तो चौकोन उघडायला हवा होता. माझेही हात होते की."

पुढच्या बैठकीत शलाकानं चौकोन मागे घ्यावेत असं सुचवलं. निदान कोपऱ्याचा रंग तरी बदलावा. एकाच घरातून पुन्हा पुन्हा येणारी हाक वेगळी दाखवावी. अधिकारी सभ्यपणे ऐकत होते. एकानं विचारलं, "म्हणजे दुसरा थेंब, तिसरा थेंब? प्रत्येक पेशंटचा? बाकं पुन्हा भरतील, मॅडम. मलेरियाचे पेशंट ताटकळत बसतील. त्यातले जातील ते कुणाच्या नावावर?" तोही हिशेब खोटा नव्हता. प्रस्ताव विचारार्थ ठेवला गेला, आणि विचारार्थ ठेवलेल्या गोष्टींचं जे होतं तेच त्याचं झालं. शलाकानं राजीनामा दिला आणि ती मिरजेला आली. पडदे चालूच राहिले.

*

कळशी तिनं आल्या दिवशी मोडीत दिली. ऋजूनं फक्त एवढंच विचारलं, "ती चांगली होती की गं?"

औषधांनी ऋजूचं बिघडणं थांबलं. शब्द थोडे मोकळे झाले. हात मात्र तसेच राहिले. कारखान्यातून मालकांनी तिची कानस आणून दिली, फडक्यात गुंडाळून. ती तिनं फळीवर ठेवली आणि त्यानंतर तिच्याकडे पाहिलं नाही.

एका सकाळी दोघी स्वयंपाकघरात बसल्या होत्या. जस्ताची गोळी उपाशीपोटी घ्यायची असते, म्हणून चहा अजून टाकला नव्हता.

"ताई, एक विचारू?" ऋजू म्हणाली. शब्द सावकाश, एकेक करून येत होते. "हे... पहिल्यांदा कधी कळलं असतं?"

शलाकानं ठरवलं होतं, की खोटं बोलायचं. रात्रंदिवस घोकून ठेवलेलं एक वाक्यही तयार होतं. पण समोर ते तपकिरी कडं असलेले डोळे होते, आणि त्या डोळ्यांना तिनं आयुष्यभर हक्कानं काय काय सांगितलं होतं. तिनं सगळं सांगून टाकलं. प्रात्यक्षिक, तीन थेंब, हसणारी माणसं, बदललेला नियम. एक शब्द गाळला नाही.

ऋजू ऐकत राहिली. तिचा उजवा हात मांडीवर थरथरत होता. तिनं डाव्या हातानं तो दाबून धरला, तर तोही थरथरायला लागला. खाली रस्त्यावर कुणीतरी भाजीची गाडी ढकलत ओरडत गेलं.

"म्हणजे तो कोपरा," ती शेवटी म्हणाली, "आपलाच होता."

शलाकाला मान वर करता येईना. तिला वाटलं, आता ओरडेल, हाकलून देईल. तसं झालं असतं तर बरंच झालं असतं.

"लाज वाटली तुला, एवढंच ना?" ऋजू म्हणाली. ती रडत होती, पण आवाज चढवत नव्हती. "मला पण वाटायची की. हात थरथरायला लागला तेव्हा मी पण पहिल्यांदा कितीतरी दिवस लपवला होता." मग तिनं गोळ्यांची पाकिटं शलाकाकडे सरकवली. "आधी तुझी घे. तुला चुकवून चालायचं नाही. तुझं अजून सगळं शाबूत आहे."

शलाकानं पाकीट उचललं. ऋजूला ते फोडता येत नसे, म्हणून रोज तीच फोडायची. तिनं एक गोळी स्वतःसाठी काढली, एक ऋजूसाठी. ऋजूनं तोंड उघडलं. शलाकानं तिच्या जिभेवर गोळी ठेवली, स्टीलचा पेला काठोकाठ भरला आणि तिच्या ओठांपाशी नेला.

एक थेंबही सांडला नाही. शलाकाच्या हाताला जराही कंप नव्हता.